माहितीस्तव सादर

गोरखपूरच्या बाबा राघवदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे बीआरडीत, १० ऑगस्ट २०१७ च्या रात्री ऑक्सिजन संपला. त्या रात्रीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. हा घटनाक्रम त्या रात्रीपर्यंत पोचलेल्या कागदांचा आहे.

सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी पत्र टाइप केले असेल, त्याला पत्राच्या तळाची ओळ पाठ असते: ‘प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ खाली नावे येत नाहीत, हुद्दे येतात. उत्तर प्रदेशात हीच ओळ हिंदीत असते. या प्रकरणातल्या दोन महत्त्वाच्या पत्रांच्या तळाशी अशा याद्या होत्या. दोन्ही पत्रे वेळेत लिहिलेली होती.

करार

बीआरडी हे पूर्व उत्तर प्रदेशातले मोठे सरकारी रुग्णालय. आजूबाजूचे जिल्हे, बिहारचा पश्चिम भाग आणि नेपाळचा तराई पट्टा, तिथले रुग्ण इथेच येत. १९७८ पासून या भागात मेंदूज्वराच्या साथी येत होत्या. पाऊस सुरू झाला की रुग्ण वाढत, आणि जुलै ते नोव्हेंबर वॉर्ड भरलेले राहत.

रुग्णालयाच्या आवारात द्रवरूप ऑक्सिजनची टाकी आहे. उणे १८३ अंशांना ऑक्सिजन द्रव होतो. त्या द्रवाचा एक लिटर मोकळा झाला की साधारण ८६० लिटर वायू होतो. टाकीतून तो वायू पाइपने नवजात शिशू कक्षात, मेंदूज्वराच्या १०० खाटांच्या वॉर्डात आणि इतर विभागांत जातो. टाकीला मापक असतो. तो पाहून आकडा नोंदवणे हे ऑपरेटरचे काम.

द्रव ऑक्सिजन पुरवण्याचे कंत्राट लखनऊच्या पुष्पा सेल्स या कंपनीकडे होते. थकबाकी १० लाखांच्या वर जाऊ द्यायची नाही, असे करारात ठरले होते.

जुलै २०१७

थकबाकी ६३ लाखांच्या पुढे गेली होती. ठरलेल्या मर्यादेच्या सहापट.

कंपनीची स्मरणपत्रे कित्येक महिने येत होती. महाविद्यालयाकडे पैसे नव्हते. निधी लखनऊहून यायचा होता. जुलैमध्ये आपण वरिष्ठांना किमान तीन पत्रे लिहिली, असे प्राचार्यांनी नंतर सांगितले.

म्हणजे कंपनी महाविद्यालयाला लिहीत होती आणि महाविद्यालय लखनऊला. दोन्हीकडच्या जावक नोंदवह्या भरत होत्या.

३० जुलै

कंपनीची कायदेशीर नोटीस. स्मरणपत्र लेखा शाखेत फाईलला लावता येते. वकिलाची नोटीस आली की कोणीतरी ती वाचावी, अशी अपेक्षा असते.

मंगळवार, १ ऑगस्ट

कंपनीचे प्राचार्यांना पत्र. थकबाकी ६३ लाख ६५ हजार. ती भरली नाही तर पुरवठा चालू ठेवता येणार नाही.

पत्राच्या प्रती जिल्हाधिकारी, गोरखपूर आणि वैद्यकीय शिक्षण महासंचालक, लखनऊ यांना.

या दिवसापासून ही गोष्ट फक्त महाविद्यालयाला माहीत होती, असे म्हणायची सोय उरली नाही. जिल्ह्याच्या आवकेत ती गेली आणि राज्याच्याही. पण पत्र प्राचार्यांच्या नावाने होते. इतरांकडे गेली ती प्रत. ज्याच्या नावाने पत्र, त्याने कारवाई करायची, बाकीच्यांनी माहिती घ्यायची, असा कचेरीचा रिवाज आहे. इथे ज्याच्या नावाने पत्र होते त्याच्याकडे पैसे नव्हते.

गुरुवार, ३ ऑगस्ट

मध्यवर्ती ऑक्सिजन पाइपलाइनवर काम करणाऱ्या ऑपरेटरांनी लेखी कळवले की टाकीतला साठा कमी होत आहे.

कंपनीचा इशारा पैशांचा होता. हा मापकाचा. दोन वेगवेगळ्या टोकांकडून एकच गोष्ट तीन दिवसांत दोनदा लिहून आली होती.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

टाकीत द्रव ऑक्सिजन भरला गेला. यानंतर टाकी संपेपर्यंत नवे टँकर आले नाहीत.

टाकी भरलेली असली की धोका दिसत नाही. पाइपमधला दाब व्यवस्थित असतो, वॉर्डातल्या नळाला वायू येतो, खाटेवरचे मूल श्वास घेत असते. मापक मात्र रोज थोडा खाली येतो.

शनिवार, ५ ऑगस्ट

महाविद्यालयासाठीचा निधी या दिवशी सोडला, असे राज्य सरकारने नंतर सांगितले. रक्कम २ कोटी.

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. यापुढच्या सहा दिवसांत पैसे नव्हते, असे म्हणता येत नाही. ते लखनऊच्या आदेशापासून पुरवठादाराच्या खात्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी होते. सरकारी पैसा निघतो तेव्हा आधी आदेश निघतो, मग कोषागार, मग महाविद्यालयाचे खाते, मग लेखा शाखेचे देयक, मग प्राचार्यांची सही, मग बँक. प्रत्येक टप्प्यावर एक टेबल आहे, आणि त्या टेबलासमोरच्या फाईलवर ‘ऑक्सिजन’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते. देयक क्रमांक लिहिलेला असतो.

सोमवार, ७ ऑगस्ट

राखी पौर्णिमा.

बालरोग विभागात दिवसभरातले मृत्यू: ९. नवजात शिशू कक्षात ४, मेंदूज्वराचे २, इतर ३.

मंगळवार, ८ ऑगस्ट

मृत्यू: १२. नवजात ७, मेंदूज्वराचे ३, इतर २.

बीआरडीत ऑगस्टमध्ये असे आकडे नवीन नव्हते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इथे ५६७ मुले दगावली होती, २०१५ च्या ऑगस्टमध्ये ६६८, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ५८७. हे आकडे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच पुढे पत्रकारांना दिले. या वर्षी वेगळे काही झालेले नाही, हे दाखवण्यासाठी.

बुधवार, ९ ऑगस्ट

मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ बीआरडीत आले. गोरखपूर हा त्यांचा मतदारसंघ. १९९८ पासून ते इथले खासदार होते आणि मेंदूज्वरावर संसदेत अनेकदा बोलले होते. मुख्यमंत्री होऊन त्यांना पाच महिनेही झाले नव्हते.

त्यांनी १० खाटांच्या नव्या अतिदक्षता विभागाचे उद्घाटन केले आणि अधिकाऱ्यांची आढावा बैठक घेतली.

ऑक्सिजनच्या थकबाकीचा विषय त्या बैठकीत कोणी काढला नाही, असे मुख्यमंत्र्यांनी तीन दिवसांनी सांगितले. ९ जुलैच्या बैठकीतही तो निघाला नव्हता, असेही.

ज्यांनी कोणी आढावा बैठकीची टिपणी तयार केली आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. अशा बैठकीत खाटा सांगतात, भरलेली पदे सांगतात, प्रस्तावित कामे सांगतात. थकलेले देयक सांगितले की पुढचा प्रश्न ‘का थकले?’ असतो, आणि त्याचे उत्तर बैठकीतल्याच कोणाच्या तरी टेबलावर असते. १ ऑगस्टच्या पत्राला आठ दिवस झाले होते. मापकाचा इशारा सहा दिवसांचा होता. मुख्यमंत्री आणि टाकी एकाच आवारात होते.

मृत्यू: ९. नवजात ६, मेंदूज्वराचे २, इतर १.

गुरुवार, १० ऑगस्ट, सकाळी ११.२०

ऑपरेटरांनी मापक पाहिला. आकडा: ९००.

त्यांनी बालरोग विभागप्रमुखांना पत्र लिहून सह्या केल्या. मजकूर असा: ३ तारखेला आम्ही कळवले होते. आज ११.२० ला मापकावर ९०० आहे, तो आज रात्रीपर्यंत पुरेल. कोणकोणत्या विभागांना या पाइपने पुरवठा होतो त्याची यादी. कंपनीला वारंवार कळवले, पण देयक न मिळाल्याचे सांगून ती नकार देत आहे. रुग्णांचे प्राण जाऊ नयेत यासाठी त्वरित व्यवस्था करावी.

खाली प्रती: प्राचार्य, रुग्णालयाचे प्रमुख अधीक्षक, भूलशास्त्र विभागप्रमुख, ग्रामीण आरोग्य मिशनचे नोडल अधिकारी.

या पत्रात वेळ होती, आकडा होता, मुदत होती आणि परिणाम होता. प्रशासकीय लेखनात याहून स्पष्ट पत्र क्वचितच सापडेल. ते लिहिणारे रुग्णालयाच्या उतरंडीतल्या सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर होते.

प्राचार्य या दिवशी शहराबाहेर होते. भूलशास्त्र विभागप्रमुख ऑक्सिजन पुरवठ्याचे प्रभारी होते.

दुपार

११.२० पासून तीन गोष्टी घड्याळावर मोजता येतात.

पहिली बँक. आरटीजीएसने पैसे पाठवायची ग्राहकांची वेळ तेव्हा दुपारी ४.३० पर्यंत होती. म्हणजे ५ तास १० मिनिटे.

दुसरी रस्ता. लखनऊ ते गोरखपूर साधारण २७० किलोमीटर. ट्रकला सहा तासांच्या आसपास.

तिसरी टाकी. पत्रात ‘रात्रीपर्यंत’ लिहिले होते. प्रत्यक्षात ती ८ तास १० मिनिटे चालली.

दुपारी १२ वाजता निर्णय झाला असता तर पैसे त्याच दिवशी पोचले असते. दुपारी १ वाजता सिलिंडरच्या गाड्या लखनऊहून निघाल्या असत्या तर त्या अंधार पडेपर्यंत गोरखपुरात असत्या. त्या दिवशी पैसे गेले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला कंपनीकडे निघाले.

संध्याकाळी ७.३०

टाकीतला द्रव ऑक्सिजन संपला. मापकाने सकाळी जे सांगितले होते ते खरे ठरले.

पाइपला राखीव सिलिंडर जोडले गेले. जंबो सिलिंडर, माणसाच्या खांद्याएवढे उंच, दोघांनी मिळून तिरके करून घरंगळत न्यायचे. एका सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर वायू मावतो. साठ्यात ५२ होते.

१०० खाटांचा वॉर्ड, नवजात कक्ष आणि बाकीचे विभाग मिळून ५२ सिलिंडर किती वेळ चालतात, याचे उत्तर त्याच रात्री मिळाले: चार तास. तासाला १३. साडेचार मिनिटांनी एक.

ही राखीव व्यवस्था टाकी संपल्यापासून ती पुन्हा भरेपर्यंतचा खंड भरून काढण्यासाठी होती. टाकीऐवजी चालण्यासाठी ती नव्हती.

रात्री ८ ते ११

सिलिंडरवर पाइप चालू असताना वॉर्डात दाब कमी-जास्त होतो. नळ्या बसलेल्या असतात, बुडबुडे उठत असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्या आईवडिलांना फरक कळत नाही. परिचारिकेला कळतो.

शहरातल्या खासगी रुग्णालयांकडे सिलिंडर मागायला फोन गेले. बालरोग विभागातले एक व्याख्याते, डॉ. कफील खान, रजेवर होते. ते रुग्णालयात आले आणि बाहेरून सिलिंडर मिळवण्याच्या खटपटीला लागले. सशस्त्र सीमा बलाकडूनही मदत मागितली गेली आणि ती मिळाली.

सरकारी रुग्णालयाला खासगी रुग्णालयांकडून आणि निमलष्करी दलाकडून सिलिंडर उसने मिळाले. 

रात्री ११.३०

५२ सिलिंडर संपले.

पाइपमध्ये वायू उरला नाही. डॉक्टर आणि परिचारिकांनी अंबू बॅगा काढल्या. पुरेशी माणसे नव्हती, म्हणून काही खाटांवर बॅग नातेवाइकांच्या हातात दिली गेली.

अंबू बॅग म्हणजे मुठीत मावणारा रबरी फुगा, पुढे छोटा मास्क. नवजात बाळासाठी तो मिनिटाला साधारण ४० वेळा दाबावा लागतो, हलक्या हाताने, दोन बोटे आणि अंगठ्याने. जोर जास्त झाला तर फुप्फुसाला इजा होते, कमी झाला तर हवा आत जात नाही. लय तुटू द्यायची नाही. शिकवताना विद्यार्थ्याला मोठ्याने मोजायला लावतात. ज्याने आयुष्यात कधी बॅग हातात धरलेली नाही, अशा बापाला ते एका मिनिटात दाखवले जाते.

मिनिटाला ४० म्हणजे तासाला २,४००.

रात्री १२.००

तारीख बदलली. सरकारी हिशोबात १० ऑगस्ट इथे बंद झाला.

मृत्यू: २३. नवजात १४, मेंदूज्वराचे ३, इतर ६.

शुक्रवार, ११ ऑगस्ट, रात्री १.३०

बाहेरून आलेले सिलिंडर जोडले गेले आणि पाइप पुन्हा चालू झाला.

११.३० ते १.३०. दोन तास. अंबू बॅगेच्या हिशोबात एका बाळामागे ४,८०० दाब.

११ ऑगस्ट, दिवस

सिलिंडर येत राहिले, संपत राहिले. टाकी रिकामीच होती. भूलशास्त्र विभागप्रमुख या दिवशी मुंबईला गेले. परवानगी न घेता, असे जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात नोंदवले गेले.

कंपनीचे पैसे या दिवशी निघाले. १ तारखेचे पत्र आता दहा दिवसांचे झाले होते.

संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्यांनी पत्रकारांना आकडा दिला: ४८ तासांत ३०. आदल्या दिवसाचे २३ आणि या दिवशी तोवरचे ७. त्याच संध्याकाळी सरकारने खुलासा केला की ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू झालेला नाही.

शनिवार, १२ ऑगस्ट

राज्याचे दोन मंत्री, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांचे, गोरखपुरात. प्राचार्य निलंबित. त्यांनी सांगितले की आपण आधीच राजीनामा दिला आहे.

पुरवठ्यात खंड पडला, पण मृत्यूंची कारणे वेगळी आहेत, ही सरकारची भूमिका ठरली. बाळ अपुऱ्या दिवसांचे होते, संसर्ग होता, मेंदूज्वर होता. ही कारणे खोटी नव्हती. धडधाकट मूल नवजात अतिदक्षता कक्षात ठेवत नाहीत. त्या कक्षातल्या प्रत्येक बाळाला मरणाचे एक कारण आधीच असते. त्या कारणाला रोखण्यासाठी तर तिथे ऑक्सिजन असतो.

१२ आणि १३ ऑगस्टमधली रात्र

द्रव ऑक्सिजनचा टँकर पोचला. टाकी रिकामी झाल्याला साधारण ५४ तास झाले होते.

रविवार, १३ ऑगस्ट

मुख्यमंत्री आणि केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा बीआरडीत आले. पाच दिवसांत मुख्यमंत्र्यांची ही दुसरी भेट. या वेळी बैठकीत ऑक्सिजनचा विषय निघाला.

चौकशी

जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालाने पुरवठा थांबवल्याबद्दल कंपनीला जबाबदार धरले, देयकाला उशीर केल्याबद्दल प्राचार्यांकडे बोट दाखवले आणि ऑक्सिजनच्या साठा नोंदवहीत खाडाखोड आढळल्याचे लिहिले. १ ऑगस्टच्या पत्राची एक प्रत ज्या कार्यालयाला गेली होती, त्याच कार्यालयाने पहिली चौकशी केली.

मुख्य सचिवांच्या समितीचा अहवाल आला आणि २३ ऑगस्टला लखनऊच्या हजरतगंज पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. आरोपी नऊ: प्राचार्य, त्यांच्या पत्नी, भूलशास्त्र विभागप्रमुख, डॉ. कफील खान, मुख्य औषधनिर्माता, तीन कारकून आणि पुरवठादार कंपनीचे मालक. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अपर मुख्य सचिवांची बदली झाली. बदली ही शिक्षा असते की नसते, हे प्रत्येक राज्यातले कर्मचारी आपापल्या अनुभवावरून ठरवतात.

१ ऑगस्टच्या पत्राच्या प्रती ज्या दोन हुद्द्यांना गेल्या होत्या, ते हुद्दे नऊ जणांच्या यादीत नव्हते.

डॉ. खान यांना २ सप्टेंबरला अटक झाली. २५ एप्रिल २०१८ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. वैयक्तिकरीत्या त्यांच्याकडून वैद्यकीय हलगर्जीपणा झाल्याचे दाखवणारा पुरावा नोंदींत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१९ मध्ये विभागीय चौकशीचा अहवाल आला. ते त्या वॉर्डाचे प्रभारी नव्हते, असे त्यात होते. ही निर्दोषत्वाची पावती नाही, असे सरकारने सांगितले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना सेवेतून काढण्यात आले. पुरवठादार कंपनीच्या मालकांना एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला.

पत्रांचा हिशोब

या प्रकरणात कोणी माहिती लपवली, असे फारसे दिसत नाही. कंपनीने लिहिले, ऑपरेटरांनी लिहिले, प्राचार्यांनी लिहिल्याचे सांगितले. कळवण्याचे काम सगळ्यांनी केले. कळल्यावर काय करायचे, ते मात्र कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. मापक अमुक आकड्याखाली गेला की अमुक अधिकाऱ्याने, निधी असो वा नसो, इतक्या तासांत टँकर मागवायचा, अशी एका ओळीची सूचना असती, तर ११.२० च्या पत्राला प्रतींची गरज पडली नसती. ते पत्र एकाच माणसाला गेले असते आणि उत्तरही त्याच्याकडेच मागता आले असते.

रुग्णालय सुधारायचे म्हटले की खाटा वाढतात, यंत्रे येतात, विभागांची उद्घाटने होतात. ९ ऑगस्टला बीआरडीत १० खाटांची भर पडली. त्या खाटांच्या नळांमागेही तोच पाइप होता.

दोन कागद

सरकारने ऑक्सिजन आणि मृत्यू यांचा संबंध मान्य केला नाही. त्याला आधार होता तो हिशोबाच्या पद्धतीचा.

ऑक्सिजन तासांनी संपला: ११.२० ला ९००, ७.३० ला शून्य, ११.३० ला सिलिंडरही नाही, १.३० ला पुन्हा सुरू. मुलांचा जो तक्ता जाहीर झाला तो दिवसांचा होता: ९, १२, ९, २३, ७. बेरीज ६०. त्यातल्या २३ पैकी कितींचा श्वास संध्याकाळी ७.३० च्या आधी थांबला आणि कितींचा नंतर, हे त्या तक्त्यात पाहता येत नाही. आणि ११.३० ते १.३० या दोन तासांतला दीड तास तर दुसऱ्या तारखेच्या रकान्यात आहे, जिथे आकडा ७ आहे आणि तो लहान दिसतो.

एका कागदावर वेळ आहे, मुले नाहीत. दुसऱ्यावर मुले आहेत, वेळ नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्हींच्या प्रती संबंधितांना रवाना झालेल्या आहेत.